वेगळं दुकान

थोरल्याने ठरवलं होतं की रविवारी मेळा संपायच्या आत आईचा प्रश्न सोडवून टाकायचा, म्हणजे मोकळ्या मनाने घरी जाता येईल. ‘आईचा प्रश्न’ हा शब्द त्याचाच. आईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मला कसला आलाय प्रश्न, तुलाच काय तो पडलाय. पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

तळ्याकाठी उन्हाळी मेळ्याची धांदल उडाली होती. बँडवाले एकच धून पुन्हा पुन्हा वाजवून बघत होते आणि दर वेळी त्याच जागी चुकत होते. फुलांच्या प्रदर्शनातल्या बायका कोणाची कुंडी पुढे आणि कोणाची मागे यावरून एकमेकींशी अतिशय गोड आवाजात भांडत होत्या. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर जे कापड होतं ते नेहमीप्रमाणे थोरल्याच्या घरच्या तंबूंच्या कारखान्यातलं होतं. मोठा तंबू, चार लहान तंबू, बक्षिसांच्या मंचावरचं छत, झाडून सगळं. मेळ्याच्या शनिवार-रविवारी सगळ्यांनी घरी यायचं ही वडिलांची पद्धत. वडील गेले, त्यांच्या मागोमाग थोरल्याचा भाऊ, धाकटा, गेला, ऐन उमेदीत, तरी येणं चालू राहिलं. यायचं, तंबूत बसून जेवायचं, दोन दिवस एकमेकांच्या तब्येती विचारायच्या आणि निघायचं.

थोरला दातांचा डॉक्टर. समोरच्याने तोंड उघडं ठेवून गप्प बसायचं आणि आपण बोलायचं, याची त्याला सवय होती. गाडीतून येताना त्याचं बायकोशी, म्हणजे मोठीशी, सगळं बोलून झालं होतं. बोलून झालं म्हणजे तो बोलला होता आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

"कारखाना धाकटीच्या नावावर करून टाकू," तो म्हणाला होता. धाकटी म्हणजे धाकट्याची बायको. "नाहीतरी धाकटा गेल्यापासून चालवते तीच. एकदा नावावर झाला की ती कुठे जात नाही. ती राहिली म्हणजे आई राहिली. आईला या वयात उचलून आपल्याकडे आणायचं म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तिलाच त्रास. तिसरा मजला, ओळखीचं कोणी नाही. मी आपला तिच्या दृष्टीने बोलतोय."

मोठी काहीच बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजे होकार, असं थोरल्याने संसाराच्या सुरुवातीलाच ठरवून टाकलं होतं आणि त्यावर त्याचं बरंच चालून गेलं होतं.

आता तो तंबूच्या सावलीत उभा राहून वर बघत होता. धाकटी शिडीवर चढून खांबाच्या टोकाला दोर ओवत होती. दातांत सुतळी, केस फडक्यात बांधलेले, पायात नवऱ्याचेच जुने बूट. भक्कम बाई आहे, थोरल्याला वाटलं. आईला शेवटपर्यंत बघेल. हे मनात येताच तो जरासा ओशाळला, पण ते फार वेळ टिकलं नाही, कारण तेवढ्यात बेबी आली आणि पिशवी त्याच्या हातात कोंबून म्हणाली, "दादा, धर. आणि असा टक लावून बघू नकोस, कोणी शिडी धरायला सांगेल."

बेबी त्यांची बहीण. चाळिशी उलटली, शाळेत गाणं शिकवते, चष्म्याचा नंबर वाढला, तरी बेबीच. नवरा आला नव्हता. त्याला सुट्टी मिळाली नव्हती. अशा वेळी त्याला ती कधीच मिळत नसे.

*

बेबीला हे तंबूतलं जेवण वर्षभर आठवायचं. खाणं साधंच, पाव, उकडलेली अंडी, काकडी, सरबत. पण सगळे एका टेबलाशी एका वेळी बसायचे. तिच्या घरी दोघं दोन वेळांना जेवायचे, आणि उरलेल्या भाजीवर झाकण कोणी ठेवलं यापलीकडे त्यांच्यात फारसं काही बोलणं होत नसे. इथे मात्र धाकटी पाव कापायची, आई अंडी सोलायची, आणि कोणीतरी कोणाची तरी खेचायचं. धाकटा असताना ते काम त्याचं होतं. तो गेल्यावर बेबीने ते आपल्याकडे घेतलं, कारण कोणीतरी घ्यायला हवंच होतं.

थोरल्याने घसा खाकरला. "मी काय म्हणतो, उद्या बक्षीस समारंभाला सगळे थांबणार ना? त्यानंतर जरा बसू. घरातलंच बोलायचंय."

"आम्ही आधी होड्या आत घेऊ, मग येतो," धाकटी पाव कापता कापता म्हणाली.

आता या घरातली एक गोष्ट सांगायलाच हवी. वडिलांना ‘आम्ही’ हा शब्द चालायचा नाही. गिऱ्हाइकाशी बोलताना म्हणा, परक्याशी बोलताना म्हणा, घरात मात्र ‘आपण’. आपण शिवतो, आपण बांधतो, आपण जेवतो. लहानपणी थोरला आणि धाकटा "आम्ही खेळायला चाललो" म्हणाले की वडील शिवणयंत्राचं चाक हाताने थांबवायचे आणि चष्म्यावरून बघत विचारायचे, "आम्ही म्हणजे कोण? वेगळं दुकान काढलंत?" पोरं लाजायची, चुकलो म्हणायची, मग चाक फिरायचं. पुढे ती घरातली कायमची थट्टाच होऊन बसली.

म्हणून बेबीच्या तोंडून ते आपोआप निघालं. वडिलांसारखा आवाज काढून, चष्मा नाकावर ओढून ती म्हणाली, "आम्ही म्हणजे कोण? वेगळं दुकान काढलंस?"

सगळे हसले. आईसुद्धा हसली. मग एकेक जण थांबला, कारण धाकटी हसत नव्हती. तिच्या हातातली सुरी पावात अर्धी रुतून राहिली होती आणि ती कानापर्यंत लाल झाली होती.

"होड्या?" थोरल्याच्या डोक्यात प्रकाश पडायला नेहमी थोडा वेळ लागायचा. "होड्या कुठे आहेत आपल्या?"

"आपल्या नाहीत," मोठी शांतपणे म्हणाली. "तेच तर."

बेबीला वाटलं, जीभ चावून टाकावी. पण शब्द जाऊन बसला होता टेबलावर, पावाच्या शेजारी.

धाकटीने सुरी खाली ठेवली. "सांगणारच होते. उद्या सांगणार होते, सगळं आवरल्यावर." तिने आईकडे बघितलं नाही. "तळ्यावर होड्या भाड्याने देतात ते. हिवाळ्यात होड्यांवरची झाकणं शिवून घ्यायला आपल्याकडे आले होते."

"मग?" थोरला.

"मग येत राहिले."

एरवी बेबी यावर खो खो हसली असती. झाकणं शिवून झाल्यावरही येत राहणारा माणूस तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला, हातात टोपी, दाराशी घुटमळणारा. पण त्याच दाराशी तिला आपला भाऊही दिसला, आणि तिने काकडीचं ताट उगाच पुढे सरकवलं.

"त्यांना बंदरावर काम लागलंय," धाकटी आता भरभर बोलायला लागली, "होड्या बांधायच्या कारखान्यात. इथलं ते बंद करतायत. मेळा आटोपला की सोमवारी जाणार, राहायला जागा बघायला. एकट्यासाठी बघायची की दोघांसाठी, ते मी सांगायचंय."

"बंदर म्हणजे दिवसभराचा प्रवास!" थोरला म्हणाला. "आणि तू काय सांगितलंस?"

"आई हो म्हणाल्याशिवाय मी हलणार नाही, असं सांगितलंय. नाही म्हणाल्या तर नाही. विषय संपला."

सगळ्यांनी आईकडे बघितलं. आई अंडं सोलत होती. तिने टरफलाचा शेवटचा तुकडा काढला, अंडं बोटांत फिरवून नीट पाहिलं आणि म्हणाली, "मीठ दे गं इकडे."

धाकटीने मीठ दिलं.

"आईला काय विचारतेस?" थोरल्याचा आवाज चढला. "आई नाही म्हणणारेय का कधी? तिच्या चांगुलपणाचा फायदा घ्यायचा आणि वर तिच्याच होकारावर सगळं ढकलायचं. उद्या ती इथे एकटी राहिली, पडली, झडली, तर धावपळ कोणी करायची? आम्हालाच करावी लागेल ना?"

"बघा," मोठी म्हणाली.

"काय बघा?"

"आत्ता काय म्हणालात? ‘आम्हाला.’" मोठीने आपला ग्लास बाजूला सरकवला. ती या टेबलावर आजवर ‘अजून सरबत हवंय का’ याच्यापलीकडे फारसं बोलली नव्हती, त्यामुळे सगळे दचकून ऐकत राहिले. "लग्न झाल्यापासून मी हेच ऐकतेय. आम्हाला जमणार नाही, आम्ही बाहेर चाललोय, आमचं आधीच ठरलंय. मीसुद्धा म्हणते. बेबीताई म्हणतात. आपल्याला कधी कोणी विचारलं नाही, वेगळं दुकान काढलंत का म्हणून. तिने एकदा म्हटलं तर सगळ्यांच्या घशात घास अडकला."

थोरला बायकोकडे बघतच राहिला. हे बोलणं कुठल्या खात्यात टाकावं ते त्याला कळेना.

बेबी खुर्ची मागे सारून उठली. "मी बँड ऐकून येते," ती म्हणाली. बँड त्या वेळी जेवायला गेला होता, पण कोणी तिला तसं सांगितलं नाही.

*

धाकटीला बेबी धक्क्याच्या शेवटच्या फळीवर सापडली, पाय पाण्यावर सोडून बसलेली. पाणी उन्हाने चमकत होतं. पलीकडे होड्यांची रांग होती आणि तो माणूस एका जाड्या गृहस्थाला होडीत मधोमध बसायला विनवत होता. त्याने धाकटीला पाहिलं, हात वर केला, मग बेबीला पाहिलं आणि हात खाली घेतला.

"हाच?" बेबीने विचारलं.

"हाच."

"टक्कल पडायला लागलंय."

"हो."

"माझ्या भावाचे केस किती दाट होते."

"मला माहीत आहे गं." धाकटी तिच्या शेजारी बसली. "मीच कापायचे ते."

धाकटीला वाटत होतं, हिने ओरडावं, मग बरं होईल. घरातल्या सगळ्यांमध्ये हीच तिची होती. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा पहिल्या दिवशी कुठली बादली कशाची ते बेबीने सांगितलं होतं, आणि धाकटा गेला तेव्हा बेबी तिच्या खोलीत येऊन जमिनीवर झोपली होती.

"तू त्याला विसरलीस," बेबी शेवटी म्हणाली.

"नाही विसरले."

"मग हे कसं जमतं तुला?"

"मला पण माहीत नाही." धाकटीने फळीतला एक सुटा खिळा अंगठ्याने दाबला. "बेबी, तू रागाव, पण ऐकून घे. दिवसा काही वाटत नाही. दिवसा कापड असतं, यंत्र असतं, गिऱ्हाईक असतं. यंत्र बंद केलं ना, की इतकं शांत होतं घर. आई माझ्यासाठी बोलतात, मी आईंसाठी बोलते. आज काय शिवलं, उद्या काय शिवायचं. दोघींना वाटतं, दुसरीला एकटं वाटू नये. दोघी एकमेकींची इतकी काळजी घेतो की कधीकधी मला किंचाळावंसं वाटतं."

"आणि हा काय करतो? गाणी म्हणतो?"

"काही करत नाही. बसतो. पहिल्यांदा आला तेव्हा मी झाकणाची शिवण घालत होते. त्याने विचारलं, मी इथे बसलो तर चालेल का, माझ्या घरी फार शांत असतं." धाकटी होड्यांकडे बघत म्हणाली, "मला वाटायचं असं फक्त मलाच होतं."

बेबीने चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकाने पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"मला तुझा राग नाही आला," ती म्हणाली. "म्हणजे आला. पण तो राग नाही. मला हेवा वाटला तुझा. माझा नवरा जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि मी तुझं बोलणं ऐकून म्हणतेय, अगं हे तर माझंच घर."

धाकटी तिच्याजवळ सरकली. तिने बेबीचा हात धरला. पलीकडे जाड्या गृहस्थाला मधोमध बसवण्यात त्या माणसाला अखेर यश आलं आणि काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"पण आईचं काय?" बेबी हळूच म्हणाली. "मी नेलं असतं गं. पण माझ्या घरात तिला काय दाखवू? आम्ही दोघं कसे राहतो ते?"

"मी आईंना काल रात्रीच म्हणणार होते, की तुम्ही पण चला. तोंडच उघडेना. आज म्हणते."

तिने संध्याकाळी खरंच म्हटलं. आई तंबूत बसून फाटलेली कनात टाचत होती. तिने दोरा तोडला आणि म्हणाली, "नवा संसार थाटताना बरोबर म्हातारी घेऊन जातेस? तुला काही कळतं का? तो बिचारा एकासाठी बघायची की दोघांसाठी म्हणून बसलाय, त्याला काय सांगशील, तिघांसाठी?" आणि वर म्हणाली, "झोप जा. उद्या उतरवायचंय सगळं." हो नाही आणि नाहीही नाही. धाकटी उशीत तोंड खुपसून पडून राहिली.

*

रविवारी बक्षिसं वाटून झाली, शर्यतीतल्या होड्यांचे झेंडे उतरले, आणि दुपार कलता कलता मोठा तंबू खाली आला. एवढं मोठं छत घडी करायचं तर दोन माणसं लागतात. दोघांनी दोन टोकं धरायची, ताण द्यायचा, मग एकमेकांकडे चालत यायचं, टोकाला टोक जुळवायचं, आणि पुन्हा लांब जायचं. आई आणि धाकटी हे इतकी वर्षं करत आल्या होत्या की त्यांना एकमेकींना काही सांगावं लागत नसे.

पहिल्या वेळी जवळ आल्या तेव्हा आईने विचारलं, "माणूस कसा आहे?"

"गप्प आहे."

लांब गेल्या. कापड झटकलं. धूळ उडाली, वाळकी पानं पडली. पुन्हा जवळ आल्या.

"पितो?"

"नाही. चहा फार पितो."

"आपला बडबड्या होता," आई म्हणाली.

"हो."

आईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिने ते रात्री उरकलं होतं. रात्रभर तिने हिशेब लावला होता आणि तो सोपा होता. ती इथे राहते म्हटलं तर पोरगी जाणार नाही. जा म्हटलं तरी जाणार नाही. गेली तरी निम्मी इथेच राहील, दर रविवारी दिवसभराचा प्रवास करून येईल, आणि त्या टकल्याचा संसार सुरू व्हायच्या आतच विरून जाईल. धाकटीला मोकळं करायचं तर आईला कुठेतरी जायला हवं होतं. निदान तोंडाने तरी.

बेबीला विचारण्यात अर्थ नव्हता. बेबी हो म्हणाली असती आणि मग तिचं घर आईला बघावं लागलं असतं. लेकीचं जे झाकलेलं आहे ते आईने उघडू नये.

आता घडी चौकोनी झाली होती. थोरला आणि मोठी दोरांची वेटोळी गाडीशी नेऊन ठेवत होते, बेबी मेखा गोळा करत होती.

"अरे, इकडे या सगळे," आईने हाक मारली. "सांगायचंय ते आत्ताच सांगते, मग तुम्ही जायच्या गडबडीत असाल. मी थोरल्याकडे राहायला जातेय."

थोरल्याचं तोंड उघडं राहिलं, इतकं की दवाखान्यातल्या रोग्यासारखी त्याची शेवटची दाढही दिसली असती.

"काल बोलणं झालंय आमचं," आई पुढे म्हणाली. "तो कधीपासून मागे लागलाय. मीच नको नको म्हणत होते. आता माझ्याच्याने तंबू उभारणं-उतरवणं आणि यंत्र दोन्ही होत नाही. तिकडे डॉक्टर घरातच आहे."

"दातांचा," बेबी पुटपुटली.

"दातच दुखतात माझे."

धाकटी थोरल्याकडे बघत होती. "दादा, खरंच?" तिच्या चेहऱ्यावर एवढी आशा होती, एवढी भीती होती, की थोरल्याने पायाशी पडलेल्या मेखेकडे बघितलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला ‘हो’ म्हणावंसं वाटलं. ‘नाही’ म्हणावंसंही वाटलं. दोन्ही एकदम वाटल्यामुळे काहीच बाहेर पडेना.

"हो तर," मोठी म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. "खोलीला रंग द्यायचा तेवढा राहिलाय. खिडकी पूर्वेला आहे, आईंना सकाळचं ऊन लागतं ना."

आईने तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"मला कसं नाही सांगितलंत?" धाकटी म्हणाली, आणि बोलता बोलताच रडायला लागली. तिने घडीवरच डोकं टेकलं. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला, कापडाची सुरकुती काढावी तसा तो वरून खाली फिरवला.

"एक यंत्र तू घेऊन जा," आई म्हणाली. "जाड कापडाचं. तिकडे शिडं शिवशील. दुसरं राहू दे इथेच."

"दुसरं कशाला राहू द्यायचं? तुम्ही तर..."

"मधून येईन-जाईन की. आल्यावर नुसती बसू का? जा आता. तो तिथे होडीच्या बुडाला चौथ्यांदा फडकं मारतोय. जाऊन सांग त्याला, दोघांसाठी बघ म्हणावं."

धाकटी आधी चालत गेली, मग धावली. त्या मोठ्या बुटांत तिला धावता येत नव्हतं तरी ती धावली. बेबी तिच्या मागे बघत राहिली आणि मग मेखांची पिशवी उचलून उगाचच पुन्हा मोजायला बसली.

*

घरी आल्यावर थोरला गाडीत सामान लावायला खाली गेला. तो आईशी एक अक्षर बोलला नव्हता. वाटेत दोनदा त्याने आरशातून मागे बसलेल्या आईकडे पाहिलं होतं, आणि आईने दोन्ही वेळा बाहेर बघितलं होतं. बेबीला बसपर्यंत सोडायला शेजारचे निघाले होते, ती त्यांच्याबरोबर गेली. जाताना तिने आईला घट्ट मिठी मारली आणि कानात विचारलं, "खरं ना गं?" आई म्हणाली, "उशीर होतोय तुला."

स्वयंपाकघरात मोठी कप विसळत होती. संध्याकाळचं ऊन ओट्यावर आलं होतं. आई स्टुलावर बसली. पाय दुखत होते.

"घाबरू नकोस," आई म्हणाली. "मी काही येत नाही."

मोठीचा हात नळाखाली तसाच राहिला. "म्हणजे?"

"म्हणजे तुझ्याकडे. ते आपलं तिच्यासाठी बोलले. ती तिकडे जराशी रुळली ना, की कळवेन, शहरातली हवा मानवली नाही, परत आले. तोवर फोनवर कोणाला कळतंय कोण कुठे बसलंय ते. तू आयत्या वेळी सावरून घेतलंस म्हणून निभलं. खिडकी पूर्वेला कशी सुचली गं तुला?"

"आहेच पूर्वेला," मोठी हळूच म्हणाली. तिने नळ बंद केला. "आई, तसं काही नाही हं. खोली खरंच आहे. तुम्हाला यायचं असेल तर..."

"छे छे," आई म्हणाली.

आणि ती थांबली. मोठी अजून एकदा म्हणेल म्हणून थांबली. एकदा सगळेच म्हणतात, ते म्हणायचं म्हणून असतं. दुसऱ्यांदा कोणी म्हटलं की ते खरं. काल भर टेबलावर नवऱ्याला गप्प करणारी बाई होती ती, तिला काय अवघड होतं? नाही आई, चलाच, इतकंच म्हणायचं. आई गेली असती. हे आईला त्या स्टुलावर बसल्या बसल्याच कळलं. तंबू, कारखाना, यंत्र, सगळं सोडून ती आत्ताच्या आत्ता दोन पातळं पिशवीत घालून त्या गाडीत जाऊन बसली असती. आपण इतक्या आसुसलेल्या आहोत हे तिला आजवर ठाऊक नव्हतं, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

मोठीने तिच्याकडे बघितलं. तोंड उघडलं. मग तिची नजर खाली गेली, खांदे सैल पडले, आणि तिने एक मोठा श्वास सोडला.

"सुट्टीत मात्र यायचं," ती म्हणाली, एकदम मोकळ्या, मायेच्या आवाजात. "नक्की हं. मी काही ऐकणार नाही."

"येईन की," आई म्हणाली.

मोठीने नळ पुन्हा सोडला आणि पुढचा कप घेतला. विसळता विसळता ती गुणगुणायला लागली. ते तिच्या ध्यानातही आलं नसावं. आई उठली, खुंटीवरचं फडकं घेऊन तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि एकेक कप पुसून फळीवर ठेवायला लागली.